अकरापैकी एकच साईट बंद पडली तर : नेमकं कुठून बघायला सुरुवात करायची

एकाच व्हीपीएसवर (भाड्याने घेतलेल्या आभासी सर्व्हरवर) आठ-दहा क्लायंटच्या साईट ठेवून त्या सांभाळणारे आपल्याकडे भरपूर आहेत, मीही त्यातलीच. चार जीबी रॅम, दोन कोअर, उबंटू २२.०४, इंजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपीचा कोड चालवणारी सर्व्हिस), मारियाडीबी (डेटाबेस) आणि त्यावर अकरा साईट, बहुतेक वर्डप्रेस. तुमच्याकडे अपाची हा दुसरा वेब सर्व्हर असेल किंवा सीपॅनल हे होस्टिंगचं पॅनल असेल तरी शोधायची पद्धत तीच, फाईलींच्या जागा तेवढ्या वेगळ्या. कमांड मी खाली उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका.

गेल्या दिवाळीत वसुबारसच्या आदल्या दिवशी सकाळी फराळवाल्या काकूंचा फोन आला, "अगं साईट उघडतच नाहीये, लोक ऑर्डर टाकायला बसलेत आणि कसलातरी ५०४ येतोय." बाकीच्या दहा साईट मात्र व्यवस्थित चालू. अशा वेळी हात आपोआप रीस्टार्टकडे जातो, आणि माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे की तो तिथे जाऊ देऊ नका. रीस्टार्टने कधी कधी साईट दहा मिनिटं सुरू होते खरी, पण अडकलेल्या प्रोसेस मरतात, त्यांच्याबरोबर पुरावाही जातो, आणि वर ज्या दहा साईटना काहीच झालेलं नव्हतं त्यांनाही धक्का बसतो. पीएचपी-एफपीएमचं तर असं आहे की एखाद्या पूलच्या (एका साईटसाठी राखलेल्या पीएचपी प्रोसेसच्या गटाच्या) कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाईलमध्ये, एक चुकीची ओळ असेल तर चालू सर्व्हिस जुन्या सेटिंगवर निवांत चालत राहते, आणि तुम्ही रीस्टार्ट दिलात की ती उठतच नाही, म्हणजे एक बंद होती ती आता अकराही बंद.

आणि बाकीच्या दहा चालू आहेत ही नुसती दिलाशाची गोष्ट नाही, तोच सगळ्यात मोठा धागा आहे. मशीन चालू आहे, नेटवर्क चालू आहे, इंजिनएक्स चालू आहे, मारियाडीबी चालू आहे, हे सगळं तुम्हाला एकही कमांड न मारता कळलं. आता फक्त त्या एका साईटच्या मालकीचं जे जे आहे तेवढंच बघायचंय : तिचं डोमेन आणि सर्टिफिकेट, तिची इंजिनएक्समधली कॉन्फिग फाईल, तिचा एफपीएम पूल, तिच्या फाईली, तिचा डेटाबेस आणि तिचे प्लगिन.

पहिलं काम : नक्की काय दिसतंय ते लिहून घ्या

"साईट बंद आहे" यावरून काहीच कळत नाही. क्लायंटकडून व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट मागवा, ज्यात वरचा पत्ता आणि एररचा आकडा दोन्ही दिसतील, आणि किती वाजता आलं ते विचारा. वेळ फार महत्त्वाची, कारण लॉगमध्ये तीच शोधायची आहे. इथे एक गोष्ट सांगून ठेवते, बहुतेक व्हीपीएसचं घड्याळ यूटीसीवर असतं आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत, त्यामुळे काकूंनी सांगितलेलं सकाळचं १० वाजून १२ मिनिटं म्हणजे लॉगमधलं ०४:४२. हे डोक्यात नसलं की माणूस १० वाजताच्या ओळी शोधत बसतो आणि लॉगमध्ये काहीच नाही म्हणून भलतीकडे जातो.

मग स्वतः बघा, एकदा घरच्या वायफायवरून, एकदा मोबाईल डेटावरून. ब्राउझरवर विश्वास ठेवू नका, तो जुनं पान कॅशमधून दाखवतो. टर्मिनलमधून कर्ल डॅश कॅपिटल आय आणि पुढे साईटचा पत्ता, की पहिल्याच ओळीत खरा आकडा येतो (२०० म्हणजे पान ठीक, ५०० आणि पुढचे म्हणजे सर्व्हरकडची अडचण). तीच कमांड शेजारच्या दोन साईटवर मारा, त्यांना २०० येतंय ना ते पक्कं करा, कारण "बाकी चालू आहेत" हे आपण बऱ्याचदा गृहीत धरलेलं असतं आणि प्रत्यक्षात अजून एक बंद असते, फक्त तिच्या मालकाने अजून फोन केलेला नसतो.

दुसरं : रिक्वेस्ट तुमच्या सर्व्हरपर्यंत येतेय का

त्या साईटचा अॅक्सेस लॉग (आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंद) टेल डॅश एफ ने उघडा ठेवा आणि मोबाईलवरून पान रीफ्रेश करा. ओळ पडली तर ठीक, भानगड सर्व्हरच्या आत आहे. ओळच पडली नाही तर पीएचपी-बीएचपी काही बघू नका, रिक्वेस्ट मुळात येतच नाहीये.

ती का येत नाही याची कारणं थोडीच असतात. डोमेनचं नूतनीकरण राहिलं, किंवा कुणीतरी डीएनएसचा ए रेकॉर्ड (डोमेन कुठल्या आयपीकडे जातं ती नोंद) बदलला, हे डिग कमांडने लगेच दिसतं. गिऱ्हाइक आणि सर्व्हरच्या मधे क्लाउडफ्लेअरची सेवा बसवलेली असेल तर आकडाच बोलतो, ५२१ म्हणजे तुमच्या सर्व्हरने कनेक्शन नाकारलं, ५२२ म्हणजे कनेक्शन जुळलंच नाही, बहुधा फायरवॉल किंवा चुकीचा आयपी, ५२५ आणि ५२६ म्हणजे एसएसएलचा घोळ. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि बाकी दहांचं आपोआप रीन्यू होऊन एकाचंच राहून जाणं अगदी नेहमीचं आहे, सर्टबॉट सर्टिफिकेट्स कमांडने प्रत्येकाची तारीख दिसते. क्लाउडफ्लेअर बाजूला ठेवून थेट सर्व्हरला विचारायचं असेल तर कर्लला डॅश डॅश रिझॉल्व्ह देऊन आपला आयपी सांगता येतो. तिथे २०० आलं तर दोष मधल्या थरात आहे.

अजून एक चमत्कारिक प्रकार, पत्ता या साईटचा आणि उघडते भलतीच साईट. इंजिनएक्सला सर्व्हर नेममध्ये ते नाव सापडलं नाही की तो रिक्वेस्ट डिफॉल्ट साईटकडे ढकलतो, आणि डिफॉल्ट ठरवलेली नसेल तर जी पहिली वाचली गेली तिच्याकडे. म्हणजे कॉन्फिगची फाईल साईट्स-एनेबल्डमध्ये (चालू साईटच्या कॉन्फिगच्या फोल्डरमध्ये) जोडलेलीच नाही, किंवा नावात टायपो आहे, किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वालं नाव टाकायचं राहिलंय.

तिसरं : दोन छोट्या फाईलींची चाचणी

ही मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट आहे. साईटच्या मुख्य फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाईल टाका, आत एकच शब्द, "नमस्कार". शेजारी एक पीएचपी फाईल टाका जी फक्त एको करून तोच शब्द छापते. आता दोन्ही ब्राउझरमधून उघडा.

टेक्स्ट फाईलच उघडली नाही तर घोटाळा इंजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये किंवा फोल्डरच्या परवानग्यांमध्ये. टेक्स्ट उघडली पण पीएचपीवाली नाही, तर त्या साईटचा एफपीएम पूल बघा. दोन्ही उघडल्या आणि वर्डप्रेस मात्र उघडत नाही, तर सर्व्हर निर्दोष आहे, दोष कोडमध्ये, प्लगिनमध्ये नाहीतर डेटाबेसमध्ये. दोन मिनिटांच्या कामात निम्म्याहून जास्त शक्यता गळतात. काम झालं की दोन्ही फाईली काढून टाका, विशेषतः कुणी सवयीने त्यात पीएचपी इन्फो छापला असेल तर नक्की काढा, त्यात सर्व्हरची सगळी कुंडली असते.

चौथं : एरर लॉगची ओळ शांतपणे वाचणं

प्रत्येक साईटला वेगळा एरर लॉग नसेल तर आजच द्या, कॉन्फिगमध्ये एका ओळीचं काम आहे, अकरा साईटच्या ओळी एकाच फाईलमध्ये मिसळल्या की ऐन वेळी काही सुधरत नाही.

५०२ (पीएचपीकडून नीट उत्तरच आलं नाही) असेल तर सॉकेट (इंजिनएक्स आणि पीएचपी ज्यातून बोलतात ती जोडणी) या शब्दाच्या आसपास बघा. "नो सच फाईल ऑर डिरेक्टरी", आकडा २, म्हणजे इंजिनएक्स ज्या सॉकेटकडे जातोय ते सॉकेटच तिथे नाही. उबंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेल्यावर हे हमखास होतं, पीएचपी ७.४ चं ८.१ झालं, सॉकेटच्या नावातला आकडा बदलला, दहा साईटच्या कॉन्फिगमध्ये तुम्ही बदलला आणि एकीचा राहिला. "परमिशन डिनाइड", आकडा १३, म्हणजे सॉकेट आहे पण इंजिनएक्सला त्याला हात लावता येत नाही, पूलच्या फाईलमध्ये लिसन डॉट ओनर आणि लिसन डॉट ग्रुप बघा, उबंटूवर ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असायला हवेत. "कनेक्शन रीसेट बाय पिअर", आकडा १०४, म्हणजे पीएचपीची प्रोसेस मध्येच मेली, याचं कारण एफपीएमच्या स्वतःच्या लॉगमध्ये सापडतं. आणि "अपस्ट्रीम सेंट टू बिग हेडर" असं असेल (अपस्ट्रीम म्हणजे इंजिनएक्सच्या मागचं पीएचपी) तर पीएचपी जिवंत आहे, फक्त त्याने पाठवलेले हेडर, बहुधा कुकीज, इंजिनएक्सच्या बफरमध्ये मावत नाहीयेत, त्या एका साईटच्या कॉन्फिगमध्ये फास्टसीजीआय बफर साईझ वाढवा.

काकूंच्या साईटचं काय झालं होतं

५०४ ला जरा वेळ देते कारण इथेच बहुतेक जण चुकीचा उपाय करतात. काकूंच्या लॉगमध्ये ०४:४२ ची ओळ होती, "अपस्ट्रीम टाइम्ड आउट, ११०, व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर फ्रॉम अपस्ट्रीम", आणि पुढे रिक्वेस्टमध्ये चेकआउटचा पत्ता. म्हणजे काय, तर इंजिनएक्सने काम पीएचपीकडे दिलं, ६० सेकंद वाट बघितली, जी त्याची मुळातली मर्यादा आहे, उत्तराची पहिली ओळही आली नाही म्हणून त्याने हात वर केले. मी मागे जाऊन बघितलं तर पहिल्या चार-पाच ओळी फक्त चेकआउटच्या होत्या आणि नंतर मुखपृष्ठ, चकलीचं पान, संपर्काचं पान, सगळ्याच्या ओळी सुरू झाल्या. हा क्रम बघितला तेव्हा मला उलगडलं.

एफपीएमच्या लॉगमध्ये जोडीची ओळ होती, "सर्व्हर रीच्ड पीएम डॉट मॅक्स चिल्ड्रन सेटिंग, ५". त्या पूलला एका वेळी पाचच प्रोसेस. पाच गिऱ्हाइकं चेकआउटवर अडकली की सहाव्याला मुखपृष्ठ दाखवायलाही कोणी मोकळं नाही. लॉगमधली ओळ पुढे स्वतःच सुचवते की हा आकडा वाढवा, आणि बहुतेक जण लगेच २० करून मोकळे होतात. थांबा आणि हिशेब करा. माझ्याकडे अकरा पूल, प्रत्येकी पाच म्हणजे ५५ प्रोसेस, वर्डप्रेसची एक प्रोसेस साधारण ६० एमबी धरली तरी सगळे एकदम कामाला लागले तर ३३०० एमबी, आणि रॅम आहे चार जीबी ज्यात मारियाडीबीही राहतो. एका साईटसाठी २० केले आणि खरंच वीस भरले तर कर्नल मेमरी मोकळी करायला सगळ्यात जास्त जागा खाणाऱ्याला मारतो, आणि तो बऱ्याचदा डेटाबेसच असतो. मग अकराही साईट जातात. शिवाय अडकणाऱ्या पाचांच्या जागी वीस अडकले एवढाच फरक.

खरा प्रश्न हा की पाच जण अडकले कशात. त्यासाठी पूलच्या फाईलमध्ये दोन ओळी टाकल्या, स्लोलॉगची (रेंगाळणाऱ्या रिक्वेस्टच्या नोंदींची) फाईल कुठे ते आणि रिक्वेस्ट स्लोलॉग टाइमआउट ५ सेकंद. पीएचपी-एफपीएम ८.१ डॅश टी ने कॉन्फिग तपासलं आणि मग रीलोड दिला (सर्व्हिसला फक्त नवी सेटिंग वाचायला लावणं), रीस्टार्ट नाही. दोन मिनिटांत स्लोलॉगमध्ये नोंद आली. त्यात पूलचं नाव, फाईलचं नाव आणि खाली फंक्शनांची उतरंड असते, सगळ्यात वरची ओळ म्हणजे प्रोसेस त्या क्षणी जिथे थांबली होती ती जागा. वर होतं कर्ल एक्झेक, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरला विचारणारं फंक्शन, आणि त्याखाली कुरियरचे दर काढणाऱ्या प्लगिनची फाईल आणि ओळीचा नंबर. दिवाळीची गर्दी, कुरियरवाल्यांचा सर्व्हर उत्तर देत नव्हता, आणि आपला प्लगिन हात जोडून वाट बघत उभा.

इथे एक बारकावा आहे जो पुष्कळ जणांना माहीत नसतो. पीएचपीचा मॅक्स एक्झिक्युशन टाइम ३० सेकंद असतो, मग तीस सेकंदांनी हे थांबायला नको होतं का? तर नाही, लिनक्सवर त्या मोजणीत बाहेरच्या सर्व्हरची किंवा डेटाबेसची वाट बघण्यात गेलेला वेळ धरलाच जात नाही. आणि वर्डप्रेसची स्वतःची एचटीटीपी फंक्शनं वापरली तर पाच सेकंदांत सोडून देतात, पण या प्लगिनने थेट कर्ल वापरलं होतं, ज्यात वेळेची मर्यादा आपण घातल्याशिवाय नसते.

उपाय म्हणून आधी कुरियरचा तो प्लगिन बंद करून पोस्टेजचा एकच सरसकट दर लावला, काकूंना फोन करून विचारून, कारण तो पैशाचा निर्णय त्यांचा होता. साईट लगेच सुरू झाली. नंतर दुपारी निवांतपणे त्या कोडमध्ये तीन सेकंदांची मर्यादा घातली, उत्तर नाही आलं तर सरसकट दर लावायचा असं केलं, आणि पूलमध्ये रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट ५० सेकंद ठेवला, म्हणजे पुढे काहीही अडकलं तरी एफपीएम ती प्रोसेस स्वतः मारेल. मॅक्स चिल्ड्रन ५ चे ८ केले, पण त्यासाठी ज्या चार साईटवर दिवसाला जेमतेम माणूस येतो त्यांचे पूल ऑनडिमांड (रिक्वेस्ट आली तरच प्रोसेस उठवणारे) करून त्यांचा आकडा २ वर आणला. जागा कुठून तरी काढूनच द्यायची.

५०० आणि ५०३

५०० ला पीएचपीची फेटल एरर हे सगळ्यात नेहमीचं कारण. वर्डप्रेसमध्ये डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डीबग आणि डीबग लॉग चालू करा पण डीबग डिस्प्ले बंद ठेवा, नाहीतर एररमधले फोल्डरचे पत्ते गिऱ्हाइकांना दिसतात. एरर डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या डीबग डॉट लॉगमध्ये येतात. "अलाउड मेमरी साईझ एक्झॉस्टेड" असेल तर पीएचपीची १२८ एमबीची मर्यादा संपली. "कॉल टू अनडिफाइंड फंक्शन" आणि पुढे क्रिएट फंक्शन किंवा ईच असेल तर जुना प्लगिन पीएचपी ८ वर चालवताय, ती दोन्ही ८.० पासून काढून टाकलीत. कुठला प्लगिन तेच कळत नसेल तर प्लगिन्स फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, साईट उठली तर नाव परत करा आणि एकेक चालू करत जा.

परवानग्यांचा घोळ एकाच साईटला होतो कारण कुणीतरी रूटने (सगळे अधिकार असलेल्या यूजरने) लॉगिन करून झिप उघडलेली असते आणि सगळ्या फाईली रूटच्या नावावर जातात. फोल्डरना ७५५, फाईलींना ६४४, मालक त्या साईटचा यूजर. कृपा करून ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊ नका, एकाच मशीनवर दहा जण शेजारी आहेत, एक साईट हॅक झाली तर तिथून सगळ्यांना रस्ता मिळतो. नेमआय डॅश एल आणि पुढे फाईलचा पूर्ण पत्ता दिलात तर वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक दिसते, मधलाच एखादा ७०० (फक्त मालकाला परवानगी) असलेला फोल्डर तिथे सापडतो.

अपाचीवाल्यांनी आधी डॉट एचटीअॅक्सेस ही साईटच्या फोल्डरमधली सेटिंगची फाईल बघावी. मॉड पीएचपीवरून (अपाचीच्या आतच पीएचपी चालवायच्या पद्धतीवरून) एफपीएमवर आल्यावर त्यातली पीएचपी व्हॅल्यूची जुनी ओळ अख्खी साईट ५०० वर नेते. इंजिनएक्स ती फाईल वाचतच नाही, तेव्हा तिथे वेळ घालवू नका.

५०३ बऱ्याचदा अर्धवट राहिलेल्या अपडेटचा असतो, मुख्य फोल्डरमध्ये डॉट मेंटेनन्स नावाची लपलेली फाईल राहते, ती काढा. वर्डप्रेस दहा मिनिटांनी तिच्याकडे दुर्लक्ष करतो, त्यामुळे तासाभराने पण तेच पान दिसत असेल तर कॅश साफ करा. शेअर्ड होस्टिंगवर ५०३ किंवा ५०८ म्हणजे तुमच्या खात्याला दिलेली प्रोसेसची किंवा सीपीयूची मर्यादा संपली, सीपॅनलमध्ये रिसोर्स युसेज बघा.

डेटाबेस आणि डिस्क

"डेटाबेस कनेक्शन" वाली ओळ दिसली तर डब्ल्यूपी-कॉन्फिगमधलं यूजरनेम-पासवर्ड जसंच्या तसं घेऊन टर्मिनलमधून लॉगिन करून बघा. १०४५ म्हणजे पासवर्ड किंवा यूजर चुकला, १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही. १०४० म्हणजे एकूण कनेक्शन संपली, मुळात १५१ असतात, आणि तेव्हा बाकीच्या साईटही अधूनमधून आचके देत असतात, नीट बघा.

डिस्कसाठी डीएफ डॅश एच, आणि न विसरता डीएफ डॅश आय. जागा शिल्लक असते पण आयनोड (प्रत्येक फाईलला लागणारी डिस्कवरची नोंद) संपलेले असतात, एखाद्या कॅश प्लगिनने लाखो बारीक फाईली करून ठेवलेल्या असतात. यूजरनिहाय कोटा लावलेला असेल तर एकच साईट अडते आणि बाकी सगळ्या मजेत. आणि तो मघाचा डीबग लॉग काम झाल्यावर बंद करायचं लक्षात ठेवा, मी एकदा विसरले तर दोन महिन्यांत फाईल सहा जीबीची झाली होती.

बदल करताना

जी फाईल बदलणार तिची आधी तारखेसह कॉपी. कॉपी साईट्स-एनेबल्डमध्ये ठेवू नका, इंजिनएक्स उबंटूवर त्या फोल्डरमधली प्रत्येक फाईल वाचतो आणि मग त्याच नावाच्या दोन साईट होतात. एका वेळी एकच बदल. इंजिनएक्स डॅश टी, ओके आलं तरच सिस्टीमसीटीएल रीलोड. मग पुन्हा कर्ल, आणि फक्त त्या साईटवर नाही तर अकराही साईटवर, मी त्यासाठी सगळे पत्ते एका फाईलमध्ये ठेवलेत आणि एक छोटा लूप त्यांचे आकडे एकाखाली एक छापतो.

त्या दिवशी तो लूप पावणेबाराला चालवला, अकरा वेळा २००. काकूंना कळवलं, आणि तासाभराने त्यांचा मेसेज आला की सकाळी अडकलेल्यांपैकी एका बाईंच्या दोन किलो अनारशांची ऑर्डर दोनदा पडलीये. लॉगमध्ये बघितलं तर त्यांनी ५०४ आल्यावर परत बटण दाबलं होतं आणि पहिली ऑर्डर मागे तयार झालेली होती, पैसे मात्र एकदाच गेलेले. म्हणून ५०४ चेकआउटवर येत असेल तर साईट सुरू झाल्यावर त्या तासाभरातल्या ऑर्डर आणि पेमेंट गेटवेची यादी शेजारी शेजारी ठेवून जुळवून घ्या, हे काम क्लायंटवर सोडू नका.